जुनी, पळणारी गाडी घरीच सांभाळायची तर: आधी रबर, मग पॉवर

देवळ्याहून बोलतोय. ज्यांनी हा एपिसोड ऐकलाय त्यांच्यासाठी ही उजळणी, आणि ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलतानाचे ‘म्हणजे’, ‘तर’ आणि मागून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज काढून टाकलाय. बाकी सगळं तसंच ठेवलंय.

मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न ठरलेला असतो. ‘दादा, जुनी पण दमदार गाडी घेतोय. एक्झॉस्ट कुठला लावू? फिल्टर कुठला टाकू?’ माझं उत्तरही ठरलेलं: भावा, गाडी पळेल कशी हे नंतर बघू. आधी ती थांबते का, तापते का आणि पेट्रोल गळते का, ते बघू. वीस वर्षं जुन्या गाडीत पैसे कुठल्या क्रमाने घालायचे, हाच आजचा विषय. क्रम चुकला की एक्झॉस्ट नवा असतो आणि गाडी राहूड घाटाच्या कडेला बोनेट उघडून उभी असते.

गाडी कुठली?

माझ्याकडे आहे फियाट पॅलिओ १.६. आजच्या पोरांना हे नाव माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. पॅलिओ भारतात २००१ मध्ये आली. सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा आणि त्याच्या नावाची ‘एस १०’ ही खास आवृत्तीही निघाली होती. साध्या पॅलिओत १.२ लिटरचं इंजिन असायचं. १.६ मध्ये मात्र १५९६ सीसी, १६ व्हॉल्व्ह आणि जवळपास १०० अश्वशक्ती. त्या काळी मारुती झेनचं इंजिन होतं ९९३ सीसीचं, म्हणजे फरक लक्षात घ्या. छोट्या गाडीत मोठं इंजिन टाकायची ती हौस होती.

आणि ही गाडी परदेशी नावाची असली तरी जन्माने मुंबईकर. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी निघायची, ती काळी-पिवळी टॅक्सीवाली, त्याच कारखान्यातून पॅलिओ निघाली. नंतर फियाटचं काम पुण्याजवळ रांजणगावला गेलं. आता तर फियाटने भारतात गाड्या विकणंच बंद केलंय. म्हणजे शोरूम नाही. म्हणून अशी गाडी ठेवायची तर थोडं काम आपल्याच हाताने यायला पाहिजे. तुमच्याकडे झेन असो, पहिली स्विफ्ट असो की फोर्ड आयकॉन, खाली सांगतोय ते बहुतेक सगळं तिलाही लागू आहे.

लोखंड टिकतं, रबर म्हातारं होतं

आमच्याकडचा एक मिस्त्री मला नेहमी अहिराणीत विचारतो, ‘गाडी चालस ना, मंग कसाले खोलस?’ चालतेय ना, मग उघडतोस कशाला? नव्या गाडीला हे बरोबर आहे. जुन्या गाडीला नाही.

कारण असं बघा. इंजिनचा ब्लॉक, क्रँक, गिअर हे लोखंड आणि ॲल्युमिनियम आहे. वेळेवर ऑइल मिळालं की ते वर्षानुवर्षं चालतं. पण त्याच गाडीत ब्रेकचे होज, रेडिएटरचे पाइप, टायमिंग बेल्ट, पेट्रोलच्या नळ्या, सस्पेन्शनचे बुश, टायर आणि ऑइल सील हे सगळं रबर आहे. रबर किलोमीटर मोजत नाही, ते वर्षं मोजतं. उष्णता, ऑइल आणि ऊन खाऊन ते कडक होतं, भेगाळतं, फुगतं. त्यामुळे ‘गाडी फक्त ४० हजार चाललीये, घरीच उभी होती’ असं विकणारा म्हणाला, तर मी खूश होत नाही. उभी राहिलेली गाडी म्हणजे न वापरलेलं लोखंड आणि म्हातारं रबर.

दुसरी म्हातारी होणारी गोष्ट म्हणजे आतले द्रव: ब्रेक ऑइल, कूलंट, इंजिन ऑइल. म्हणून माझा नियम सोपा आहे. जुनी गाडी हातात आली की पहिले तीन महिने फक्त रबर आणि द्रव. पॉवरचा विचार त्यानंतर.

सुरुवातीआधी: घोडी

गाडीसोबत आलेला जॅक फक्त चाक बदलायला असतो. गाडीखाली शिरायचं असेल तर घोडी, म्हणजे जॅक स्टँड, पाहिजेच. जमीन सपाट आणि कडक हवी. शेतातल्या मातीत जॅक हळूहळू खाली जातो, ते दिसतही नाही. जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना पुढून-मागून दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक हातसुद्धा घालायचा नाही.

बाकी सामान फार नाही: रिंग पाने, गोटी सेट, टॉर्क रेंच, मल्टीमीटर, चांगला टॉर्च आणि मोबाइल. मोबाइल यासाठी की प्रत्येक गोष्ट उघडण्याआधी फोटो काढायचा. जोडताना तोच फोटो गुरू असतो.

१. ब्रेक ऑइल

हे पहिलं, कारण आपला भाग घाटांचा. भावडबारीतून उतरा, राहूडमधून उतरा, नाहीतर सप्तशृंग गडावरून नांदुरीकडे या. ब्रेकची परीक्षा उतारावरच होते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर सतत ब्रेक दाबला की डिस्क आणि कॅलिपर तापतात, ओलावलेलं ऑइल उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल थेट खाली जातं. वर उभ्या गाडीत ज्या ब्रेकने चांगली पकड दिली, तोच घाटाच्या तिसऱ्या वळणावर पोकळ लागतो. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, गाडी कमी चालली असली तरी.

घरी करायचं तर दोन माणसं लागतात. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढा आणि सीलबंद डब्यातलं नवं भरा. अर्धा उघडून ठेवलेला डबा वापरू नका, त्यानेही ओलावा घेतलेला असतो. साधारणपणे टाकीपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. मॅन्युअलमध्ये क्रम वेगळा असेल तर तोच पाळा. ब्लीडिंग निपलला पारदर्शक नळी लावा आणि तिचं टोक बाटलीत सोडा. आत बसलेल्याने पेडल दाबून धरायचं, बाहेरच्याने निपल किंचित सैल करायचं, ऑइल आलं की घट्ट करायचं, आणि मगच ‘सोड’ म्हणायचं. निपल उघडं असताना पेडल सोडलं तर हवा आत जाते. स्वच्छ, बिनबुडबुड्यांचं ऑइल येईपर्यंत हेच करत राहा आणि मधेमधे टाकीतली पातळी बघा. टाकी रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

दोन इशारे. जुनं निपल गंजलेलं असतं, त्यामुळे आदल्या दिवशी गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. जोर लावून तोडू नका. आणि हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलून आणतं, लगेच पाण्याने धुवा. काम झाल्यावर पेडल कडक लागतंय याची खात्री करा, आधी अंगणातच हळू फिरवा, मगच रस्त्यावर. गाडीला एबीएस असेल, किंवा पेडल मऊच राहत असेल, तर गॅरेज गाठा. आणि एवढं सगळं करूनही घाट उतरायचा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच. इंजिनचा ब्रेक फुकट आहे.

२. टायर आणि चाकाचे बोल्ट

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ‘३४१९’ म्हणजे २०१९ सालचा ३४वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, टायर सहा वर्षांच्या पुढे गेला की दरवर्षी भेगा तपासा, आणि दहा वर्षांचा असेल तर काढाच.

फियाटवाल्यांसाठी खास गोष्ट. या गाडीत चाक नटांनी नाही, बोल्टांनी बसतं, आणि चार बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास आहे ९८ मिलिमीटर. बाजारात १०० मिलिमीटरची अलॉय चाकं भरपूर मिळतात. दुकानदार म्हणतो, ‘दोन मिलीने काय होतं?’ बोल्ट आत जातो, पण तिरका बसतो. तिरका बोल्ट सैल होतो किंवा तुटतो. गाडी शंभरच्या वेगात असताना हे व्हायला नको असेल तर माप जुळलंच पाहिजे.

३. कूलंट, थर्मोस्टॅट आणि बोअरचं पाणी

बोअरच्या पाण्यात क्षार असतात. चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर धरतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. त्यात इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, म्हणजे साध्या पाण्याने आतून खायलाही सुरुवात होते. म्हणून कूलंट आणि बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी अर्धं-अर्धं. तयार मिश्रण मिळालं तर आणखी सोपं.

रेडिएटर किंवा टाकीच्या झाकणाकडे कोणी बघत नाही. ते झाकण आतला दाब धरून ठेवतं. दाब साधारण एक बार वाढला की पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की ही सवलत संपली आणि गाडी घाटात उकळते. इतका स्वस्त भाग, पण त्याच्यापायी हेड वाकतं. आणि हो, गरम इंजिनचं झाकण कधीही उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर येतं.

आता एक सवय जी मी आपल्या भागात खूप वेळा पाहिली. गाडी तापते म्हटलं की काही जण थर्मोस्टॅटच काढून टाकतात. माझी गाडी आली तेव्हा तिच्यातही तो नव्हता. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट गरमच होत नाही. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थंड आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतो आणि प्लग काळे होतात. आणि गाडी का तापत होती, ते कारण मात्र तिथेच राहतं.

खरं कारण शोधायचा क्रम असा: कूलंटची पातळी, झाकण, पाइप, मग पंखा. गाडी सुरू ठेवून उभी करा आणि काटा मधोमध गेल्यावर पंखा आपोआप लागतो का, बघा. लागला नाही तर फ्यूज, रिले आणि तापमानाचा स्विच. पुढून टॉर्च मारून रेडिएटरची जाळीही बघा. आमच्याकडे कांद्याच्या मोसमात टरफलं उडून जाळीत अडकतात. आतल्या बाजूने हळू पाणी मारलं की निघतात. प्रेशरचा फवारा जवळून मारू नका, पाती वाकतात.

४. टायमिंग बेल्ट: हा घरी नाही

१६ व्हॉल्व्हच्या अशा इंजिनात वर उघडणारे व्हॉल्व्ह आणि खालून येणारे पिस्टन यांचा ताल दातेरी रबरी पट्टा सांभाळतो. तो तुटला की ताल गेला. मग पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उघडावं लागतं. तुटण्याआधी हा पट्टा आवाज करेलच असं नाही.

म्हणून गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल, तर बदललेलाच नाही असं धरा. टेन्शनर त्याच वेळी बदला आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही, कारण उघडण्याची मजुरी एकच. पण हे काम स्वतः करू नका. कॅम जागेवर धरून ठेवायची खास हत्यारं लागतात आणि एक-दोन दात चुकले तरी गणित बिघडतं. आपलं काम इतकंच की चांगला मिस्त्री शोधायचा, भाग स्वतः आणून द्यायचे, आणि बदललेली तारीख व किलोमीटर बोनेटखाली चिकटवून ठेवायचे.

५. पेट्रोलच्या नळ्या आणि ई-२०

हा मुद्दा नवा आहे आणि जुन्या गाडीवाल्याने तो टाळू नये. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आणि आता जवळपास सगळीकडे पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल ऊस आणि मक्यापासून होतं, आणि मका तर आपल्याच शेतात उभा असतो. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून मला त्याचा राग नाही. पण २००२ ची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही, हेही खरं.

काय होतं? एक, लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये सहा-सात टक्के कमी. ॲव्हरेज थोडा पडणारच. दोन, इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीत ओल आणि गंज. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: जुन्या प्रकारचं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं किंवा तडकतं. इंजेक्शनच्या गाडीत त्या नळीत तीन बारच्या आसपास दाब असतो. भेग पडली तर थेंब पडत नाही, फवारा उडतो, तोही गरम इंजिनवर. पुढे काय होतं ते सांगायला नको.

महिन्यातून एकदा, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीपासून इंजिनपर्यंतच्या रबरी नळ्या वाकवून बघा. भेग, चिकटपणा, फुगवटा किंवा पेट्रोलचा वास, यातलं काहीही असलं तर गाडी सुरू करू नका. बदलताना दुकानात ‘इंजेक्शन गाडीचा, इथेनॉलला चालणारा फ्युएल होज’ असंच मागा. मीटरवर मिळणारी साधी नळी इथे चालत नाही. काम करण्याआधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून गाडी सुरू करा आणि बंद पडू द्या, म्हणजे दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. काम उघड्या हवेत, विडी-सिगारेट लांब आणि अग्निशामक हाताशी. क्लॅम्प नवे. शेवटी नुसती चावी फिरवून पंप चालू द्या, सगळे जोड कोरडे आहेत ना बघा, आणि मगच स्टार्टर मारा. हात थरथरत असेल तर हेही मिस्त्रीकडे द्या, पण नळी तुम्हीच तपासा.

६. अर्थिंग आणि उंदीर

मीटरमध्ये इंजिनचा दिवा लागतो, गाडी झटके देते आणि लोक लगेच कॉम्प्युटर बदलायला निघतात. थांबा. आधी मल्टीमीटर. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५. हे ठीक असेल तर अर्थच्या वायर बघा, बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट लावा आणि वर थोडी व्हॅसलीन. जुन्या फियाटचे अर्धे ‘भुताटकी’ बिघाड अशा एका गंजलेल्या बोल्टात असतात.

उरलेले अर्धे उंदरांत. गाडी मका किंवा कांदाचाळीजवळ उभी राहत असेल तर बोनेट दर आठवड्याला उघडाच. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप मारू नका. जोड सोल्डर करा आणि वर उष्णतेने आवळणारी नळी बसवा.

भाग कुठून आणायचे?

जुना भाग काढून सोबत न्या आणि त्यावर कोरलेल्या नंबराचा फोटो ठेवा. ‘पॅलिओचा द्या’ म्हटलं की १.२ चा मिळतो. फिल्टर, प्लग, ऑइल नाशकात मिळतं. बॉडीचे भाग, आरसे, दरवाजाचे हँडल यांसाठी शेवटी मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात जावं लागतं. जिथे गाडी जन्मली, तिथेच तिचे अवयव! पण एक रेघ आखून घ्या: काच, दिवा, सीट जुनं चालेल. ब्रेक, बेल्ट, नळी आणि टायर कधीच जुने घ्यायचे नाहीत.

कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीसाठी हे शुल्क ५ हजार रुपये झालं. २०२५ च्या ऑगस्टपासून, वीस वर्षांवरच्या गाडीला ते १० हजार आहे. शिवाय पर्यावरण कर, विमा आणि दर सहा महिन्यांनी पीयूसी. माझी गाडी २००२ ची, म्हणजे २०२७ मध्ये पुन्हा रांगेत. तपासणीत ब्रेक, दिवे, धूर बघतात, तुमचा एक्झॉस्ट किती गुरगुरतो याचे गुण नाहीत. उलट इंजिन किंवा बॉडीत परवानगीशिवाय बदल केले तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. म्हणजे बघा, गाडी मूळ अवस्थेत धडधाकट ठेवणं हाच तिला भंगारापासून वाचवायचा रस्ता आहे.

मोबाइलवर स्क्रीनशॉट काढा

दर आठवड्याला: सपाट जागी ऑइल आणि कूलंटची पातळी, टायरची हवा, गाडीखाली डाग आहे का.
दर महिन्याला: पेट्रोलच्या नळ्या, रेडिएटरचे पाइप, बॅटरीचे व्होल्ट, उंदीर.
दर सहा महिन्यांनी: एअर फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश. खड्ड्यात ठकठक आली तर लगेच.
दर वर्षी: इंजिन ऑइल आणि फिल्टर, किलोमीटर कमी झाले तरी. जुनं ऑइल विहिरीच्या आसपास ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.
दर दोन वर्षांनी: ब्रेक ऑइल आणि कूलंट.

हे सगळं झालं की मग खुशाल नवे प्लग टाका, थ्रॉटल बॉडी साफ करा, आणि सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून बघा. तुम्हाला वाटेल काहीतरी बदल करून घेतलेत. काही नाही, कारखान्यातून आलेले घोडे परत कामाला लागलेत, एवढंच.

तुमच्याकडे कुठली जुनी गाडी आहे आणि तिचं कुठलं रबर सगळ्यात आधी गेलं, ते मला व्हॉइस नोटने कळवा. पुढच्या भागात सस्पेन्शनचे बुश घरी कसे ओळखायचे ते बघू. तोपर्यंत घोडी लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका. भेटू!